पुढे वळण आहे

१० जानेवारी

प्रिय काका,

नमस्कार तुम्हाला आणि काकूला. काकूला थोडा जास्त, कारण हे पाकीट तीच फोडणार.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी 'भिंत' म्हटलं, तुम्ही 'भिंग' ऐकलंत, आणि घरातलं एकुलतं एक भिंग पार्सलने मला पाठवून दिलंत. ते माझ्या टेबलावर आहे, चांगलं चालतं. पण मला भिंतीबद्दलच बोलायचं होतं.

आमच्या वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली. वरच्या मजल्यावर इतिहासाचं दालन आहे आणि त्याची दालनप्रमुख तुमची पुतणी आहे. तात्पुरती. नेमणुकीच्या कागदावर हा शब्द बाकी सगळ्यांपेक्षा ठळक छापलाय. जिन्यापासून दालनापर्यंत एक लांबच लांब कोरी भिंत आहे. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही भिंत जमवून दाखवा, मग आपण 'तात्पुरती' खोडू." नाही जमली तर मी परत तळमजल्यावर, पुस्तकांवर शिक्के मारायला.

विषय माझा आहे: जग बदलणारी वळणं. आठ माणसं, आठ वळणं. समितीला एका कंपनीकडून मोठमोठे चेहरे छापून घ्यायचे होते, चकचकीत, पुसता येणारे. मी भर सभेत उभी राहिले आणि म्हणाले, माझे काका हाताने रंगवतील. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कंदील लावायला सांगितलंय. शेवटी ठरलं की पुढच्या सभेत एक नमुना दाखवायचा.

भिंतीच्या शेवटी वाट एकदम काटकोनात मुलांच्या विभागाकडे जाते. तिथे पलीकडून येणारी पुस्तकांची ढकलगाडी दिसत नाही. परवा अध्यक्षांच्याच गुडघ्यावर आदळली. त्यामुळे सध्या ते भिंतीवर तसेही रागावलेले आहेत.

आठही जणांची टिपणं आणि फोटो सोबत पाठवते. कुठूनही सुरुवात करा. एकच सांगते: वळण नीट दिसलं पाहिजे. चेहरा जरा इकडेतिकडे झाला तरी खपेल, वळण चुकता कामा नये.

तुमची
ठिणगी

१६ जानेवारी

ठिणगी,

पत्र पोचलं. काकूने फोडलं, मी वाचलं, मग तिने मला परत मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या डोळ्यांवर तिचा विश्वास नाही, आणि कानांवर तर मुळीच नाही.

तू मला वळणाची काळजी घालतेस? अगं, इथल्या शाळेतली पोरं वाटेत थांबून माझ्या पाट्यांवरून अक्षर शिकायची. मास्तर तक्रार घेऊन आले होते की तुमच्या पाट्यांपायी मुलं उशिरा येतात. 'क'चं पोट किती सोडायचं, 'र'ची मान कुठे मोडायची, हे मला कुणी शिकवलं नाही. शिडीवर उभा राहून शिकलो, दोनदा पडलो, तेही शिक्षणच. तेव्हा वळणाच्या बाबतीत तुझ्या समितीने आधीच टाळ्या वाजवून ठेवाव्यात.

टिपणं वाचली. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी नावं ठेवलीत. छपाईवाला, दुर्बीणवाला, वाफेवाला, लसवाला, हातधुव्या डॉक्टर, वीजवाला, रेडियमबाई, आणि मतासाठी भांडलेल्या बायका, त्यांना मी नुसतं 'वहिन्या' म्हणतो. वीजवाला मला सगळ्यात आवडला. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शहाणा झाला म्हणे. तुमच्या भिंतीवर त्याला जरा चांगली जागा दे, पुस्तकवाल्यांचा जावई आहे तो.

फोटोंबद्दल मात्र बोलायला हवं. सगळे एकजात दात उपटायला बसल्यासारखे दिसतात. दोन दाढीवाले तर मला एकमेकांचे मेहुणे वाटले. पण तूच लिहिलंस की चेहऱ्याचं एवढं नाही, वळण महत्त्वाचं. जीव भांड्यात पडला.

नमुना सभेच्या आधी पोचेल. तू फक्त खिळा ठोकून ठेव.

काका

४ फेब्रुवारी

काका,

नमुना पोचला. सभेतच उघडला, कारण मला सगळ्यांना एकदम चकित करायचं होतं. झालेच सगळे.

पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत 'येथे हात धुवा'. बस्स. ना डॉक्टर, ना दवाखाना, ना त्या बाळंतिणी, ज्यांच्यासाठी तो माणूस सगळ्या वैद्यांशी भांडला. मी दोन पानं टिपण लिहिलं होतं, काका!

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "बाई, ही इतिहासाची पाटी आहे की बेसिनची?" सगळी सभा हसली. मीच तेवढी हसले नाही. आणि पुढचं ऐका. सभा संपवून बाहेर येते तो शिपायाने ती पाटी खरोखरच जिन्याजवळच्या बेसिनवर टांगलेली. मला म्हणतो, "मॅडम, छान झालीय, अगदी मापाची आहे."

मी 'वळण' लिहिलं ते अक्षराचं वळण नव्हतं हो. इतिहासाचं वळण. जिथे जगाची वाट बदलली ते. तुम्हाला ते कळेल असं मी धरूनच चालले, ही माझीच चूक. तुम्हाला पाट्या कळतात, इतिहासाचं काम तुमच्या गळ्यात मारायलाच नको होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सभा आहे. कंपनीचा माणूस चेहऱ्यांचे नमुने ठेवून गेलाय. बहुतेक तेच होईल. तुम्ही त्रास घेऊ नका.

ठिणगी

९ फेब्रुवारी

ठिणगीबाई,

हे पत्र माझं आहे. ह्यांना माहीत नाही. तुझं पत्र वाचून हे जे उठले ते सरळ ब्रश धुवायला बसले. धुतलेलेच ब्रश परत धुतात तेव्हा मला कळतं की लागलंय. मला म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय, आपल्याला पाट्याच कळतात." मी म्हटलं, बरोबर बोलतेय, पण अर्धंच.

आता मी सांगते ते ऐक. पहिल्या दिवशी ह्यांना तुझं वळण कळलं नाही, हे खरं. दवंडी पिटत होते घरभर, वळण वळण करत. पण मग तुझ्या त्या हातधुव्या डॉक्टरचा चेहरा काढायला घेतला. सुंदर निघाला. मी म्हटलंसुद्धा, पाठवा हाच. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग फडक्याने पुसून टाकला. मला म्हणाले, "हा चेहरा बघून कोण हात धुणार?" मग मला तुझी दोन पानं वाचायला लावली. मुडदे तपासून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींकडे जायचे, बाया तापाने जायच्या, ह्याने सगळ्यांना हात धुवायला लावले तेव्हा मरणं कमी झाली, आणि तरी बिचाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं. मी वाचत होते आणि हे मध्येच म्हणाले, "थांब. ती पाटी मी रंगवलीय."

कुठली, ते तुला माहीत नाही. तुझा चुलतभाऊ झाला ते प्रसूतिगृह आठवतं का? तुला कसं आठवेल म्हणा, तूही तिथेच झालीस, तुझ्या आईला तीच खोली. त्या खोलीबाहेर बेसिन होतं आणि त्यावर निळ्या अक्षरांत 'येथे हात धुवा'. लग्नाआधी ह्यांनी रंगवलेली. मला कळा येत होत्या आणि सुईण दारात उभी राहून कोपरापर्यंत हात धुवत होती. मी ओरडून म्हटलं, अगं किती धुशील! ती म्हणाली, "पाटी तुमच्याच नवऱ्याने लिहिलीय, भांडा त्याच्याशी." आणि मुलगा झाल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य काय होतं माहितीय? "त्या 'धु'चा उकार आखूड झालाय."

इतकी वर्षं ह्यांना ती साधी पाटी वाटत होती. तुझी दोन पानं वाचली तेव्हा कळलं की तिच्यामागे कोण उभा आहे. तुझ्या समितीला जी पाठवली ती तीच पाटी आहे, परत रंगवलेली. उकार ह्या वेळी बरोबर आहे, तेवढं बघ.

आता तू ठरव ह्यांना इतिहास कळतो की नाही. मी काही शिकलेली नाही.

आणि एक. खिडकीखाली एक छोटी पाटी फडक्याखाली वाळत ठेवलीय, केव्हापासून आहे. विचारलं की म्हणतात, "तुझं काम कर." तुला काही बोलले असतील तर मला कळव.

काकू

१३ फेब्रुवारी

काका,

माझी दोन पानं तुम्ही तीन शब्दांत बसवलीत आणि मला कळलंही नाही. दिवसभर पुस्तकांत राहणारी मी, आणि वाचता मलाच आलं नाही. काकूला रागावू नका, तिने लिहिलं नसतं तर मी आज कंपनीच्या चेहऱ्यांना चौकटी मापत असते.

त्या दिवसापासून मी बेसिनपाशी उभी राहून बघतेय. पूर्वी लोक बोटं ओली करून निघून जायचे. आता वाचतात, थांबतात, साबण घेतात. काल अध्यक्षांनी बाह्या सरसावून हात धुतले. मला बघून नको तितके खोकले.

तेव्हा भिंत अशी करायची. चेहरे नकोतच. प्रत्येक वळणाची एक पाटी, बाजारात, रस्त्यावर, दवाखान्यात लागते तशी साधी पाटी. अट एकच: त्या वळणाआधी ती पाटी जगात कुठेही लागू शकली नसती. खाली बारीक अक्षरांत ते कुणामुळे घडलं ते मी लिहीन. वाचणारा आधी म्हणेल, ही तर रोजचीच. मग खाली वाचेल आणि ती पाटी पुन्हा वाचेल. मी वाचली तशी.

पाट्या तुम्ही सुचवा. पण इतिहासाच्या बाबतीत मी जराही सूट देणार नाही, आधीच सांगते. भांडण झालं तरी चालेल.

तात्पुरती दालनप्रमुख, पण पक्की पुतणी,
ठिणगी

२० फेब्रुवारी

ठिणगे,

काकूला मी काय रागावणार? तिच्यावर रागावायला मला तिचीच परवानगी लागते.

बाकी आता कसं बोललीस! हे माझ्या गल्लीतलं काम आहे. ऐक.

छपाईवाला: 'येथे पुस्तके छापून मिळतील.' काळ्यावर पांढरं, अक्षरं ठोकळ्यासारखी, छापखान्यातले खिळे जुळवल्यागत. लसवाला: 'लस टोचून घेणाऱ्यांनी या रांगेत उभे राहावे.' वाफेवाला: 'रूळ ओलांडू नयेत.' हा लाल. वीजवाला: 'धोका! तारांना हात लावू नये.' ह्यात एक कवटी काढायची परवानगी दे, माझी कवटी फार छान जमते. रेडियमबाई: 'क्ष-किरण चालू आहेत. दार उघडू नये.' वहिन्या: 'मतदान. स्त्रियांची रांग इकडे.' त्याखाली बाण. मी जन्मभर बाण काढले, पण ह्या बाणाला हात लावताना मान आपोआप ताठ झाली. काकू म्हणाली, बाण थोडा मोठा काढा.

आता दुर्बीणवाला. ह्याने माझा घाम काढला. जग हलवलं बाबाने, पण बाजारात एक पाटी म्हणून लागली नाही! पृथ्वी फिरते हे कुठल्या दुकानावर लिहायचं? शेवटी मी त्याचं ते वाक्य लिहिणार आहे, 'तरीही ती फिरतेच', धर्मगुरूंच्या कचेरीत गुडघे टेकून उठताना म्हणाला ते. फार दमदार आहे.

काका

२४ फेब्रुवारी

काका,

कवटीला परवानगी. बाणाला दुप्पट.

आता भांडण. वाफेचं इंजिन तुमच्या वाफेवाल्याने शोधलं नाही, त्याच्या आधीही होतं. त्याने ते सुधारलं, इतकं की कामाला लागलं. आणि रुळांवर ते दुसऱ्यांनी चढवलं. पाटी ठेवू, खाली मी 'आणि इतर' लिहीन, त्यावर तुम्ही हरकत घ्यायची नाही. क्ष-किरण रेडियमबाईंनी शोधले नाहीत. पण युद्धात गाड्यांत ती यंत्रं बसवून जखमी सैनिकांपर्यंत नेली ती त्यांनीच, म्हणून पाटी राहील. माझा जीव वाचला, कारण तुमची ती दारावरची सूचना मला फार आवडलीय.

पण 'तरीही ती फिरतेच' चालणार नाही. तो असं म्हणाला याचा त्या वेळचा पुरावा नाही. मागाहून कुणीतरी त्याच्या तोंडी घातलंय. दमदार आहे म्हणून खोटं भिंतीवर लावलं तर मग कंपनीचे चेहरे काय वाईट? पाटी सापडत नसेल तर दुर्बीणवाल्याला वगळू. सात लावू. मला वाईट वाटेल, पण लावू.

सभा सहा तारखेला आहे. कंपनीचा माणूसही येणार आहे.

ठिणगी

१ मार्च

ठिणगे,

हरलो. वाक्य पुसलं. पुसताना जीवावर आलं, 'फि' फार देखणा आला होता.

सहा पाट्या आज पार्सलने निघाल्या, बेसिनवरची धरून सात. आठवी सापडली नाही. डोकं फुटायची वेळ आली, काकूने तेल चोळलं, तरी नाही. बेसिनवरची काढून भिंतीवर घे आणि शिपायाला सांग, त्याला दुसरी पाठवतो, त्याच्या मापाची.

पार्सल जपून उघड. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून वरखाली जुने पत्रे लावलेत. ते टाकून दे.

समितीपुढे मान वर करून उभी राहा. तुझी चाळणी बारीक आहे, त्यातून जे उरलंय ते कुणाच्या बापाला पाडता येणार नाही.

काका

७ मार्च

काका,

बसा. काकूलाही बसवा. काल काय झालं ते क्रमाने सांगते.

कंपनीच्या माणसाने आधी चेहरे उघडले. चांगले होते, खोटं का बोलू. अध्यक्ष म्हणाले, "हं." मग मी पार्सल टेबलावर ठेवलं आणि सुतळी कापली. कागद फाडला तर सगळ्यात वर तुमचा जुना पत्रा. तुम्ही कधीतरी रस्तेवाल्यांसाठी रंगवलेला असणार. पिवळा, कडेला गंजलेला, त्यावर काळ्या अक्षरांत 'पुढे वळण आहे'.

मी तो बाजूला ठेवणार तेवढ्यात अध्यक्ष मोठ्याने वाचून गेले. आणि हसले. "ही मला ढकलगाडीच्या कोपऱ्यावर हवी होती, गुडघा फुटायच्या आधी!" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पण बाई, ही कुणाची? तुमच्या आठांपैकी कुठल्या थोर पुरुषाची?"

मी 'पॅकिंगचा पत्रा आहे' म्हणायला तोंड उघडलं. शपथेवर सांगते, तेच म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "ज्याने दुर्बीण आकाशाकडे वळवली, त्याची."

मग मला थांबताच येईना. मी म्हटलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याच्या आधीही एकाने मांडलं होतं, पण ह्याने डोळ्याला नळी लावून आकाश पाहिलं, आणि मानायला तयार नसलेल्या लोकांसमोर पुरावे ठेवले. आपण सगळे, ही इमारत, हे टेबल, तुमचा गुडघा, एका वाटेवरून चाललोय जी कुठेही सरळ होत नाही. त्या वाटेच्या कडेला एकच पाटी लावायची झाली, तर ती हीच.

अध्यक्षांनी पत्रा उचलून हातात घेतला. मग कंपनीच्या माणसाला म्हणाले, "तुमचे चेहरे उत्तम आहेत हो. पण त्या बेसिनवरच्या पाटीपुढे मी रोज हात धुतो, आणि रोज मनात येतं की आधी मी करत काय होतो. तुमचा चेहरा पाहून मला असं काही वाटलं नाही." आणि मला म्हणाले, "आठही घ्या. ही शेवटची, कोपऱ्यावर."

भिंत आपली आहे, काका!

दालनाच्या दारालाही पाटी करून घ्यायला सांगितलंय. काय लिहायचं ते लेखी कळवतो म्हणाले, पण जाताना हसत होते. ती रंगवून द्याल ना?

पोटभर हसलेली आणि थोडी रडलेली,
ठिणगी

१२ मार्च

ठिणगे,

काकूने तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला, मग मला. मी तिसरा.

आनंद झाला, तो भेटीत सांगेन. पण तू केलंस काय! तो पत्रा रस्तेवाल्यांनी मला परत पाठवला होता, माझ्या उमेदीतली एकुलती एक परत आलेली पाटी. का, ते बघितलंस का? 'वळण'मधल्या 'ळ'चा एक डोळा मोठा आणि एक बारीक झालाय. वळण ह्या शब्दातच वळण चुकलं, आणि ते तू अख्ख्या पृथ्वीच्या नावाने टांगलंस! रात्री झोप येईना. ब्रश बांधला, काळ्या रंगाचा डबा घेतला, आणि काकूला म्हटलं, मी जाऊन तो 'ळ' सरळ करून येतो.

काकूने भिंगाशिवायच तुझं पत्र परत वर धरलं (भिंग आण परत, इथे अडतं) आणि म्हणाली, "अहो, एक डोळा बारीक करून दुसऱ्याने नळीतून बघणारा माणूस कसा दिसतो? तसाच दिसतोय तुमचा 'ळ'."

मी डबा खाली ठेवला. 'ळ' आहे तसा राहू दे.

मी तरी येतोच आहे, काकूसह, शनिवारी सकाळच्या गाडीने. भिंत बघायची आहे, शिपायाची पाटी द्यायची आहे, आणि अध्यक्षांशी गुडघ्यावर कुठलं तेल चांगलं यावर बोलायचं आहे. त्यांना सांग, लेखी कळवायची तसदी घेऊ नका. दाराची पाटी तयार आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी रंगवायला घेतली, खिडकीखाली वाळत होती, काकू उगाच चौकशा करत होती. पितळी रंग, मधोमध अक्षरं: 'दालनप्रमुख, इतिहास.'

तुझ्या कागदावर अजून एक शब्द होता, ठळक. पण मी मापून बघितलं, तो पाटीवर बसेना. म्हणून तेव्हाच गाळला.

काका